मिसेस की मिस? एका रीलचा माग

प्रश्न एवढाच होता: कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे काय छापायचं? आमचा चार-पाच हौशी वादकांचा गट, त्यात मी व्हायोलिनवर. शेवटच्या तुकड्यात दोन आयरिश रील. पहिलीचं नाव 'मिस मॅक्लाउड्स रील'. मी सवयीने पुढे 'पारंपरिक, आयर्लंड' असं लिहिलं आणि मग माझंच मला खटकलं. मॅक्लाउड हे आडनाव आयरिश नाहीच. ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचं आहे: स्काय, हॅरिस, लुइस, रासे. आडनावाची मुळी तर आणखी उत्तरेला, नॉर्स लोकांच्या 'ल्योत' या नावात. मग ही स्कॉटिश बाई आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात करते काय? आणि ती आहे तरी कोण?

एका ओळीसाठी बरेच दिवस घालवले. ते कसे गेले, त्याची ही हकिगत.

आधी चालीबद्दल. रील हा नाचाचा ठेका आहे. एका आवर्तनात चार ठोके आणि त्यांत जलद पळणारे आठ स्वर. आपल्या केहरव्याच्या आठ मात्रा धरून टाळी दिली तर बरोबर बसते. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा, असा बत्तीस आवर्तनांचा फेरा. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून, नाचणारे थकेपर्यंत.

मी ही रील पहिल्यांदा सरगमात लिहून घेतली तेव्हा एक गंमत दिसली. षड्ज धरून सुरुवात होते ती अशी: सा लांब, मग ग सा, मंद्र प सा ग सा, पुढच्या आवर्तनात ग लांब, ग रे, ग म ग रे. साधं, गुणगुणता येण्याजोगं. मुक्काम मात्र सा वर होत नाही. चौथ्या आवर्तनात चाल रे वर टेकते. आठव्या आवर्तनातही वरच्या सा पर्यंत जाऊन, प ग रे सा करत खाली येऊन, घर समोर दिसत असताना पुन्हा रे वरच थांबते. आपल्या कानाला हे उंबरठ्यावर उभं राहून आत न येण्यासारखं वाटतं. रे वर लोंबकळलेली चाल ऐकणाऱ्याला पुढच्या फेऱ्यात ढकलते, तिला स्वतःचा शेवट नाही. थांबायचंच झालं तर वादक शेवटी आपल्या पदरचा एक सा लावतो. नाचासाठी बनलेली चाल आहे याचा याहून सरळ पुरावा मला कागदपत्रांत सापडला नाही.

आता कागदपत्रं.

१८०९ साली एडिनबरामध्ये 'नील गाव अँड सन्स' या नावाने स्ट्रॅथ्स्पे (हाही एक स्कॉटिश नाचाचा प्रकार) आणि रील यांचा पाचवा संग्रह छापला गेला. त्यात ही चाल आहे. शीर्षक मात्र 'मिस' नसून 'मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे'. शीर्षकाखाली बारीक टीप आहे, तिचा आशय असा: आइल ऑफ स्कायची अस्सल रील, मिस्टर मॅक्लाउड यांच्याकडून मिळालेली. या प्रकरणातली सर्वांत वजनदार साक्ष हीच, म्हणून तिची उलटतपासणी नीट करायला हवी.

संग्रह छापणारे कोण? नील गाव हा पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा. जन्म १७२७. अठराव्या शतकातला स्कॉटलंडचा सर्वांत नावाजलेला व्हायोलिनवादक. चित्रकार रेबर्नने त्याचं चित्र काढलं आहे, चौकड्यांची तंग विजार घालून खुर्चीत बसून वाजवताना. पण तो १८०७ मध्येच गेला होता. पाचवा संग्रह प्रत्यक्षात त्याचा मुलगा नॅथनियल याचं काम. नॅथनियल एडिनबरामध्ये उमरावांच्या नाचसमारंभांचा वाद्यवृंद चालवायचा, संगीताचं दुकान चालवायचा, स्वरलिपी छापून विकायचा. उमरावांचे समारंभ मिळावेत, उमरावांनी पुस्तक विकत घ्यावं, आणि त्यांच्या घरच्या बायकांच्या नावाने रील छापावी, असं हे साधं अर्थकारण. त्या काळचे स्कॉटिश संग्रह चाळा: लेडी अमुक, मिस तमुक, मिसेस ढमुक, पानंच्या पानं. त्या बायकांनी चाली बांधल्या असा त्याचा अर्थ नव्हे. शीर्षक हा मुजरा असायचा.

गाव आडनावाच्या या बापलेकांची ख्याती या बाबतीत फारशी स्वच्छ नाही. दुसऱ्यांच्या चाली नाव न सांगता छापल्या, नावं बदलून आपल्या आश्रयदात्यांना वाहिल्या, असे आरोप त्यांच्यावर झाले. ड्यूक ऑफ गॉर्डनच्या पदरी असलेला रचनाकार विल्यम मार्शल याच्या चालींबाबत तर ते उघडच बोललं गेलं. म्हणून त्यांच्या संग्रहावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पण मला उलटंही वाटतं. दुसऱ्याचं श्रेय गिळायची सवय असलेला माणूस जेव्हा आपणहून लिहितो की 'हे माझं नाही, मला अमक्याने दिलं', तेव्हा ते खरं असण्याची शक्यता वाढते. खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं.

त्या टीपेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्यांची खिचडी करतात. शीर्षकातली बाई ही मानकरी. 'मिस्टर मॅक्लाउड' हा चाल आणून देणारा. 'आइल ऑफ स्काय' हे चालीचं गाव. रचनाकार या तिघांत कुठेच नाही. म्हणजे १८०९ मध्येच ही चाल 'कोणाची तरी' नव्हती, 'कुठली तरी' होती. छापखान्यात शिरली तेव्हाच ती लोकांची झालेली होती. किती वर्षांपासून, ते टीप सांगत नाही.

आणखी एक बारकावा. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, जमीनदाराला त्याच्या वतनाच्या नावाने हाक मारायची रीत होती. रासेच्या मालकाला लोक 'रासे' म्हणत, मिस्टर मॅक्लाउड नाही. त्यामुळे टीपेतला मिस्टर मॅक्लाउड म्हणजे खुद्द मालकच, असं धरून चालणं घाईचं होईल. त्या बेटांवर दगड भिरकावला तर मॅक्लाउडलाच लागायचा.

रासे हे बेट स्काय आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या पाण्यात आहे, उत्तर-दक्षिण लांबट, साधारण बावीस किलोमीटर. मध्ये डून काआन नावाचा ४४३ मीटरचा सपाट माथ्याचा डोंगर. १७४५ च्या बंडात इथल्या जुन्या मालकाने ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सची बाजू घेतली. वतन मात्र त्याने आधीच मुलाच्या नावावर करून ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं. घरं वाचली नाहीत. १७४६ मध्ये सरकारी सैन्याने बेट जाळलं.

सत्तावीस वर्षांनी त्याच बेटावर, पुन्हा बांधलेल्या रासे हाऊसमध्ये, दोन पाहुणे उतरले: इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि पुढे त्याचं चरित्र लिहिणारा जेम्स बॉझवेल. तारीख ८ सप्टेंबर १७७३. ते १२ तारखेपर्यंत राहिले आणि दोघांनीही पुढे या प्रवासावर लिहिलं, म्हणून त्या घरातली संध्याकाळ आपल्याला आज डोळ्यांसमोर आणता येते. जॉन्सन लिहितो की पाहुणे आल्यावर गालिचा गुंडाळला, वादकाला बोलावलं आणि सगळ्यांना नाचायला उतरवलं. नाच थांबला तेव्हा छत्तीस माणसं जेवायला बसली. जेवणानंतर बायकांनी तिथल्या गेलिक भाषेतली गाणी म्हटली. त्याला एक अक्षर कळलं नाही पण तो ऐकत राहिला. बॉझवेलच्या नोंदीत खुद्द मालक जॉन मॅक्लाउड तरुणाच्या उमेदीने नाचताना दिसतो. बॉझवेल स्वतः तर एके दिवशी डून काआनच्या माथ्यावर चढला आणि तिथे वर त्याने नाच केला. वकील माणूस, वय बत्तीस, समोर समुद्र.

त्या मालकाला तीन मुलगे आणि दहा मुली. दहा मुली, रोज नाच, घरात व्हायोलिनवाला. 'मॅक्लाउड' नावाची रील निघायला याहून योग्य घर कल्पना करूनही सापडणार नाही. पण योग्य घर सापडणं म्हणजे पुरावा सापडणं नव्हे, हेही मला स्वतःला वारंवार बजावावं लागलं. जॉन्सन-बॉझवेल यांनी तिथे वाजलेल्या या रीलचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

आता 'मिस' आणि 'मिसेस'चा घोळ. १८०९ मधली 'मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे' म्हणजे सरळ अर्थाने त्या वेळच्या मालकाची पत्नी. जॉन १७८६ मध्ये वारला होता आणि वतन मुलाकडे, जेम्सकडे, आलं होतं. तेव्हा ही जेम्सची बायको. उलट 'मिस मॅक्लाउड' असं नुसतं आडनाव लावून म्हटलं, तर त्या काळच्या शिष्टाचारात त्याचा अर्थ थोरली अविवाहित मुलगी. धाकट्यांना पहिलं नाव जोडून हाक मारत. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने बाईच बदलते, कदाचित पिढीही.

१७७३ मधली 'मिस मॅक्लाउड' होती थोरली फ्लोरा. तिने १७७७ मध्ये जेम्स म्यूर कॅम्बेलशी लग्न केलं, जो पुढे लाउडनचा अर्ल झाला. १७८० मध्ये एका मुलीला मागे ठेवून ती गेली. नवऱ्याने १७८६ मध्ये कर्जाच्या पेचात सापडून स्वतःला गोळी घातली. या दोन मृत्यूंनी खचलेल्या धाकट्या बहिणीवर, इझाबेलावर, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने कविता लिहिली. तो तिला एडिनबरामध्ये भेटला होता. तेव्हा 'मिस मॅक्लाउड' हे नाव बर्न्सच्या एडिनबरामध्ये ओळखीचं असावं.

इथे एक फांदी आपल्या अंगणात येते, आणि ती मला अजिबात अपेक्षित नव्हती. फ्लोराच्या मागे राहिलेली ती मुलगी, तिचंही नाव फ्लोरा, सहाव्या वर्षीच लाउडनची काउंटेस झाली. १८०४ मध्ये तिचं लग्न अर्ल ऑफ मॉइरा याच्याशी झालं. तेव्हा तो स्कॉटलंडमधल्या फौजेचा सेनापती होता. हाच मॉइरा पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, १८१३ ते १८२३ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. वॉरन हेस्टिंग्ज नव्हे. ज्याच्या कारकिर्दीत १८१७-१८ चं इंग्रज-मराठा युद्ध झालं, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तो. रासेच्या त्या नाचत्या घराची नात बराकपूरला गव्हर्नर जनरलची पत्नी म्हणून राहत होती. पेशवाई बुडाली त्या कहाणीत ही बाई आपण कधी पाहिलेली नसते.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण प्रकरणाशी त्याचा थोडा संबंध आहे. १८०९ मध्ये मॅक्लाउड ऑफ रासे म्हणजे दूरच्या बेटावरचं एक आडवळणी कुटुंब नव्हतं. त्यांची भाची अर्ल ऑफ मॉइराच्या घरात होती, आणि नॅथनियल गावसारख्या माणसाला एडिनबराच्या दिवाणखान्यातलं हे नातं माहीत नसेल असं मी मानत नाही. एका जुन्या स्काय रीलला त्याने हे नाव का द्यावं, याचं सरळ उत्तर मला इथे मिळतं. नाव त्या काळच्या प्रतिष्ठेचं आहे, आणि चाल कदाचित त्याआधीपासून दुसऱ्या कुठल्या गेलिक नावाने किंवा बिननावाने फिरत असेल.

मग 'मिसेस'ची 'मिस' कशी झाली? माझा कल दोन साध्या कारणांकडे आहे. नाचाच्या चालींच्या नावांत 'मिस' इतकं नेहमीचं होतं की जीभ आपोआप तिकडे वळते. आणि लेखी नाव एकदा तोंडी झालं की त्यातला तपशील गळून पडतो. आधी 'ऑफ रासे' गळलं, मग 'मिसेस' झिजून 'मिस' झालं. याचा एक साक्षीदार आहे: आयर्लंड-अमेरिकेत हे नाव अनेकदा ढग या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखं लिहिलेलं सापडतं. असं लिहिणाऱ्याने नॅथनियल गावच्या संग्रहातलं पान पाहिलेलं नाही. त्याने नाव कानाने घेतलं, चालीसारखंच.

आता समुद्र ओलांडू. स्कॉटलंडचं किंटायर आणि आयर्लंडचं अँट्रिम यांच्यात सर्वांत अरुंद ठिकाणी वीसएक किलोमीटर पाणी आहे. स्वच्छ दिवशी पलीकडची घरं दिसतात. त्या पाण्यावरून शतकानुशतकं माणसं जात-येत राहिली: आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये वसलेले स्कॉट, पलटणींतले बासरीवाले आणि बॅगपाइपवाले, आणि डोनेगलहून दरवर्षी कापणीला, पुढे बटाटे काढायला स्कॉटलंडमध्ये जाणारे मजूर. परत येताना गाठीला पैसे असायचे आणि कानात चाली. चालींना जकात नव्हती.

खुद्द 'रील' हा प्रकारच स्कॉटलंडकडून आलेला. हा शब्द नाचाच्या अर्थाने जुन्या नोंदींत जिथे भेटतो, ती जागा भलतीच आहे: नॉर्थ बर्विकच्या चेटकिणींचा खटला. १५९१ च्या एका पुस्तिकेत लिहिलंय की गेलिस डंकन नावाच्या मोलकरणीने तोंडात धरून वाजवायच्या लोखंडी मोर्चंगासारख्या वाद्यावर रील वाजवली आणि बाकीच्या तिच्यामागे नाचत गेल्या. राजा सहावा जेम्स याने तिला बोलावून ती आपल्यासमोर वाजवायला लावली. (बिचारीचे आधी हाल करून कबुलीजबाब घेतला होता, संगीताच्या इतिहासात हे वाक्य सहसा वगळतात.) आयर्लंडमध्ये रीलचा जोर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. आयरिश संगीताचे अभ्यासक ब्रेंडन ब्रानाख यांनी हा मुद्दा आडपडदा न ठेवता मांडला, आणि आयरिश म्हणून वाजणाऱ्या कित्येक जुन्या रील मूळ स्कॉटिश असल्याचं दाखवून दिलं. 'बॉइन हंट' ही त्यांतली ठळक. ती मुळात 'पर्थशर हंट', आर्डोखच्या मिस मॅग्डलीन स्टर्लिंग यांची रचना. आयर्लंडमध्ये आल्यावर शिकारच पर्थशर सोडून बॉइन नदीकाठी गेली. तिथे रचनाकार माहीत आहे आणि नाव बदललं. आपल्या प्रकरणात रचनाकार माहीत नाही आणि नाव, झिजून का होईना, टिकलं.

चाल खेड्यापर्यंत कशी उतरली, हे आर्थर यंग या इंग्रज प्रवाशाच्या नोंदींतून कळतं. तो १७७६ पासून पुढची दोन-तीन वर्षं आयर्लंडमध्ये हिंडला. गरिबांच्या झोपडी-झोपडीत नाच चालतो, असं त्याने लिहिलंय. त्यांच्यातलेच नाचाचे मास्तर पाइपवाल्याला किंवा आंधळ्या व्हायोलिनवाल्याला बरोबर घेऊन दारोदार शिकवायला जातात, फी तिमाहीला सहा पेन्स. अशा मास्तराला काय लागतं? पटकन शिकवता येईल, ठेका चुकणार नाही आणि मध्येच तुटणार नाही अशी चाल. रे वर लोंबकळणारी, स्वतःहून न थांबणारी ही रील त्याच्या धंद्याला फार सोयीची.

आयर्लंडमध्ये तिच्यात काय बदललं, हा भाग मला वादक म्हणून जास्त रोचक वाटतो. स्कॉटिश व्हायोलिनवादक ही चाल अनेकदा 'ए'चा षड्ज धरून वाजवतात. त्या पट्टीत व्हायोलिनच्या उघड्या तारा घुमतात. आयर्लंडमध्ये ती 'जी' मध्ये स्थिरावली. कारण अगदी भौतिक आहे. तिथली लाकडी बासरी आणि टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) 'डी'च्या. 'ए' मध्ये वाजवायचं तर शुद्ध निषादासाठी जो स्वर लागतो, तो बिनचाव्यांच्या बासरीवर सरळ भोक उघडून मिळत नाही. 'जी' धरला की सगळे स्वर हाताखाली येतात, आणि गंमत म्हणजे चालीतला सर्वांत खालचा मंद्र प बरोबर बासरीच्या सर्वांत खालच्या स्वरावर येऊन बसतो.

याच हिशेबाने आणखी एक अंदाज करता येतो. मंद्र प पासून तार सा पर्यंत मोजले तर चालीला अकरा स्वरांचा पल्ला लागतो. हायलँड बॅगपाइपच्या नळीत नऊच स्वर असतात. म्हणजे ही चाल आपल्या मूळ घाटात त्या पाइपवर मावत नाही; वाजवायची तर मोडून-वाकवून. मी तरी यावरून असं म्हणेन की ती व्हायोलिनच्या बोटांतून निघाली असावी. आयरिश पाइपला दोन सप्तकं मिळतात, तिथे तिला अडचण नाही.

दुसरा बदल ढंगाचा. स्कॉटिश गजात आखूड-लांब असा झटका असतो, स्वर ठसक्याने तुटतो. आयरिश वादक स्वर सारखे वाहते ठेवतो आणि लांब स्वरात 'रोल' भरतो: मूळ स्वर, वरचा स्पर्श, मूळ, खालचा स्पर्श, मूळ, डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोवर. या चालीचं पहिलं आवर्तन लांब सा ने उघडतं आणि दुसरं लांब ग ने. रोलसाठी जणू दोन कोनाडे आधीच कोरून ठेवलेले. अंगण तेच, रांगोळी वेगळी. कागदावर दोन्हीकडच्या स्वरलिपी ठेवल्या तर फरक जेमतेम दिसतो. कानाला मात्र पहिल्याच आवर्तनात कळतं की आपण कुठल्या किनाऱ्यावर आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही चाल आयरिश म्हणून इतकी मुरली होती की फ्रान्सिस ओनील यांनी तिला आपल्या संग्रहात घेताना मागेपुढे पाहिलं नाही. ओनील हे वेगळंच प्रकरण आहेत. १८४८ मध्ये काउंटी कॉर्कमध्ये जन्म, पोरवयात जहाजावर, मग अमेरिका, आणि १९०१ ते १९०५ शिकागोचे पोलीसप्रमुख. चाली कानाने धरायचे, स्वरलिपी लिहिता यायची नाही. ते काम त्यांच्याच खात्यातले जेम्स ओनील करायचे. आडनाव एक, नातं नाही. १९०३ मध्ये 'म्युझिक ऑफ आयर्लंड' निघालं, १८५० चाली. १९०७ मध्ये नाचाच्या १००१ चालींचा दुसरा संग्रह, जो पुढे वादकांचा धर्मग्रंथच झाला. त्या शीर्षकाच्या पुस्तकात, 'म्युझिक ऑफ आयर्लंड'मध्ये, मिस मॅक्लाउड मानाने बसलेली आहे. शिकागोत राहणाऱ्या आयरिश माणसांना ती आपल्या गावाकडची वाटत होती, आणि खोटं नव्हतं. त्यांनी ती गावाकडेच ऐकली होती.

अमेरिकेत मात्र तिने तिसरा जन्म घेतला. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात ती बॅन्जोवर आणि व्हायोलिनवर गेली, तिला शब्द चिकटले आणि मॅक्लाउडबाई पार नाहीशी झाली. 'अंकल जो, सैतान पाहिलास का कधी?' अशा धाटणीचं एक गाणं या चालीवर म्हणतात. दुसरं 'हॉप हाय लेडीज, द केक्स ऑल डो': बायांनो उंच उड्या मारा, केक कच्चाच राहिला, म्हणजे बेत फसला. अंकल डेव्ह मेकन याने १९२७ मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. ऐकून पाहा. नाव गेलंय, देश गेलाय, भाषेचा बाज गेलाय. पण वाक्य अजूनही रे वरच येऊन थांबतं.

तर निवाडा काय? छापील साक्ष स्कॉटलंडकडे बोट दाखवते आणि ती मी ग्राह्य धरतो. नाव स्कॉटिश, टीप स्कॉटिश, रील हा प्रकारही तिकडचा. याविरुद्ध एकच सावधगिरीचा मुद्दा उरतो: आधी छापलं गेलं म्हणजे आधी जन्मलं असं नाही. १८०९ मध्ये एडिनबरामध्ये रील छापायचा भरभराटीचा धंदा होता, आयर्लंडच्या खेड्यात नव्हता. तिथल्या चाली कागदावर यायला उशीर लागला. म्हणून नुसत्या तारखा समोरासमोर ठेवल्या तर स्कॉटलंड प्रत्येक खटला जिंकेल. पण इथे तारखेच्या जोडीला बेटाचं नाव आहे, चाल देणारा माणूस आहे, घराणं आहे. एवढं सगळं उलट दिशेने समजावून सांगायचं तर बरीच कसरत करावी लागेल आणि ती करायला मला कारण दिसत नाही.

आणि तरीही 'आयरिश पारंपरिक' हे शब्द खोडायला माझी लेखणी उचलली नाही. आम्ही वाजवणार होतो ती 'जी' मधली, रोल भरलेली, सारख्या चालीने वाहणारी रील. ती आयर्लंडमध्येच घडलेली आहे, दीडदोनशे वर्षं वाजवून वाजवून. नॅथनियल गावच्या संग्रहातल्या पानावरून वाचून वाजवली तर ती तशी वाजणार नाही.

शेवटी पत्रिकेसाठी ओळ तयार केली: 'मिस मॅक्लाउड्स रील. पारंपरिक, आयरिश वळण. मूळ आइल ऑफ स्काय. छापील नोंद एडिनबरा १८०९, मिसेस मॅक्लाउड ऑफ रासे या नावाने.' मुद्रकाने फोन करून सांगितलं की ओळ रकान्यात मावत नाही. पत्रिका छापून आली तेव्हा नावापुढे 'पारंपरिक' एवढाच शब्द होता.

कार्यक्रमात आम्ही ती तीनदा फिरवली. तबलावाल्या मित्राला शेवटची खूण द्यायची ठरली होती, ती मी विसरलो. तो रे वर थांबून माझ्याकडे पाहत राहिला, आणि आम्ही चौथा फेरा घेतला.